‘रांड’ : आधी विधवा की आधी शिवी?

ओसरी

परवा आजीच्या श्राद्धाला आत्यानं एक किस्सा सांगितला. तो डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा काढते आहे. शीर्षकात शब्द जसाच्या तसा लिहिलाय. फुल्या फुल्या घालून त्यावर बोलणं मला जमणार नाही. संपादकांना खटकल्यास बदलावं.

१९७२ चा दुष्काळ. वाड्यात एकच नळ आणि त्याला तासभर पाणी. आजी तेव्हा पस्तिशीची असेल. आजोबा जाऊन नऊ वर्षं झालेली, पदरात तीन पोरं. नळावर हंड्यांची रांग, आणि रांग म्हटली की भांडण आलंच. शेजारची एक बाई तिला म्हणाली, "ए रांडे, उचल तुझा हंडा."

आत्या सांगते, नळावर एकदम चिडीचूप झालं. आणि आजी शांतपणे म्हणाली, "आहेच मी रांड. त्यात तू नवीन काय सांगितलंस? पण हंडा माझा आधी लागलाय."

हंडा काही तिनं हलवला नाही.

गंमत पुढे आहे. ती शेजारीण रोज सगळ्यांना याहून घाण शिव्या द्यायची, तेव्हा कोणी हूं की चूं करत नसे. त्या दिवशी मात्र सगळ्या बायका तिच्यावर तुटून पडल्या. आत्या तेव्हा बारा वर्षांची. तिला कळेना की एवढं काय झालं. घरी आल्यावर आजीला विचारलं, तर आजी म्हणाली, "दुसरीला म्हटलं तर शिवी. मला म्हटलं तर ते खरं आहे. खरं बोलायचं नसतं."

माझ्या पिढीला या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे, धंदा करणारी बाई. आजीला मात्र तो आधी ‘विधवा’ असाच ऐकू आला. घरी मोल्सवर्थचा कोश आहे (१८५७ ची आवृत्ती, अर्थात पुनर्मुद्रण), तो उघडला. तिथेही संस्कृत रण्डा वरून आलेला शब्द म्हणून पहिला अर्थ विधवा, आणि मग बाकीचे. म्हणजे आजीचं मराठी बरोबर होतं आणि माझं अर्धवट.

"नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे" ही म्हण आपण हसत हसत वापरतो. तिच्यातली ‘रंडकी’ ही निव्वळ विधवा आहे. दुसरा अर्थ घेतला तर म्हणीचा विनोदच उरत नाही. रांडाव येणं म्हणजे वैधव्य येणं. रांडमुंड म्हणजे केस काढलेली विधवा. या सगळ्या कुटुंबात शिवी शिरली कधी आणि कशी? तुमच्याकडे हा शब्द कसा वापरतात? कोशातलं सांगा, घरातलंही सांगा.

भटका_मावळा

वाचतोय. आजीला दंडवत.

आमच्या ग्रुपवर मध्ये एक मेसेज फिरत होता, की रणात ज्यांचे धनी पडले त्या ‘रण्-डा’, म्हणजे हा मुळात वीरपत्नींसाठीचा मानाचा शब्द आणि परकीयांनी तो बिघडवला. खरं का?

बोरू

@मावळा, नाही. ही व्युत्पत्ती चहाच्या टपरीवर छान वाटते, पण व्याकरणात उभी राहत नाही. रण ला ‘डा’ लावून विधवा करणारा कुठलाच प्रत्यय संस्कृतात नाही.

संस्कृतात ‘रण्ड’ असा शब्द आहे. अर्थ व्यंग असलेला, अवयव तुटलेला. अपत्याशिवाय मेलेला पुरुष आणि फळ न धरणारं झाड यांनाही तो लावलेला सापडतो. टर्नरनं भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश केला, त्यातही हा शब्द ‘सदोष, अपुरा’ अशा अर्थाच्या शब्दांच्या घोळक्यात बसतो. म्हणजे रण्डा ही काहीतरी तुटलेली, उणी बाई. नवरा गेला की बाईतला मुख्य भाग गेला, असा हिशेब.

आता शीर्षकातला प्रश्न. मोनिअर विल्यम्सच्या संस्कृत कोशात रण्डा चा अर्थ ‘बायकांना हाक मारताना वापरायची शिवी’ असाही दिला आहे आणि विधवा असाही. बालरण्डा म्हणजे बालविधवा. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त (साधारण इ. स. ९०० चा काळ, नाटक अख्खं प्राकृतात) भैरवानंद नावाचा मांत्रिक आपल्या पंथाची फुशारकी मारतो. "रंडा चंडा दिक्खिआ धम्मदारा" म्हणतो आणि पुढे मद्यमांसाची यादी देतो. दीक्षा दिलेली तडफदार रंडा हीच माझी धर्मपत्नी, असा भाव. तिथे विधवा घ्या नाहीतर उठवळ बाई घ्या, दोन्ही बसतात आणि प्रेक्षकाला हसू येतं ते दोन्ही बसतात म्हणूनच.

त्यामुळे आधी स्वच्छ विधवा होती आणि नंतर कोणीतरी चिखल फासला, असा सरळ प्रवास मला दिसत नाही. हजारेक वर्षांपूर्वीच दोन्ही अर्थ एकाच ताटात जेवत होते.

(अवांतर: हाच राजशेखर आपल्या पणजोबाला ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणतो. तेव्हा "परकीयांनी बिघडवला" हे राहू द्या.)

सूरसागर

बडोद्याहून. गुजरातीत याचं क्रियापदच आहे. ‘रांडवुं’ म्हणजे विधवा होणं. ‘रांडेली’ म्हणजे विधवा झालेली. आणि आपण जिथे वरातीमागून घोडं म्हणतो, तिथे इकडे "रांड्या पछीनुं डहापण" म्हणतात, म्हणजे विधवा झाल्यावर सुचलेलं शहाणपण. चांगल्या घरातले लोक बोलतात, लेखातही दिसतं. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा सासरेबुवा शेअरबाजाराबद्दल हे वाक्य बोलले आणि माझ्या हातातला चहाचा कप हिंदकळला होता.

पण हीच ‘रांड’ रस्त्यावर कोणी कोणाला म्हणाली तर तिथेही झिंज्या धरूनच भांडण. एकाच भाषेत एकाच वेळी दोन्ही.

निवृत्त_फौजी

आमच्या कंपनीत एक पंजाबी जवान होता. नवा होता तेव्हा रजेचा अर्ज घेऊन आला आणि कारण विचारलं तर म्हणाला, माँ रंडी है, घर में कोई नहीं. मी मराठी माणूस, क्षणभर सुन्न. त्याचा सुभेदार शेजारी बसला होता, त्यानं सांगितलं की साहेब, विधवा म्हणतोय. पंजाबीत विधवेला रंडी आणि विधुराला रंडा म्हणतात.

पोराच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो आईबद्दल साधी माहिती देत होता. रजा दिली.

कृष्णाकाठ

बेळगावची मी, त्यामुळे दोन भाषांतल्या शिव्या खात वाढले.

कन्नडात ‘रंडे’ आहेच, पण खरी जोरदार शिवी म्हणजे ‘मुंडे’. मुंडन केलेली, अर्थात विधवा. ‘मुंडे मगने’ म्हणजे विधवेच्या पोरा. तेलुगूतही ‘मुंडा’ बाईला शिवी म्हणून चालतो. शब्द वेगळा, पण खिळा त्याच भिंतीत ठोकलेला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सौंदत्तीची यल्लम्मा तुम्हाला माहीत असेल. तिच्या वर्षात एक पौर्णिमा ‘रांडाव पुनव’ असते. मार्गशीर्षातली. जमदग्नीचा वध झाला, रेणुका विधवा झाली, म्हणून त्या दिवशी देवीच्या नावानं जोगतिणी बांगड्या फोडून घेतात. मग माघी पौर्णिमेला ‘अहेव पुनव’. देवी पुन्हा सवाष्ण होते, पुन्हा चुडा, पुन्हा कुंकू. कन्नडात हिला मुत्तैदे हुण्णिमे म्हणतात. कोल्हापूरकडेही दोन्ही पाळतात.

लहानपणी आई कॅलेंडर बघून सहज म्हणायची, "रांडाव पुनव झाल्यावर बघू." शिवी आहे हे कोणाच्या मनातही यायचं नाही. यातली माझी आवडती गोष्ट म्हणजे देवीचं वैधव्य दोन महिन्यांत संपतं. जोगतिणींच्या वाट्याला काय येतं तो वेगळा आणि कडू विषय, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

तिरफळ

मालवणात "रांडेच्या, खंय होतंस इतके दिवस?" हे प्रेम आहे. माझा मामा मला असंच हाक मारतो. तो मला नुसत्या नावानं हाक मारेल त्या दिवशी मी घाबरेन. प्रत्येक शब्दाचं असं शवविच्छेदन केलं तर भाषेची मजा जाईल. शिव्या ही भाषेची श्रीमंती आहे. एवढं मनाला लावून घेऊ नये.

जिरेसाळ

@तिरफळ, मामा तुम्हाला "रांडेच्या" म्हणतो, प्रेमानं म्हणतो, मान्य. पण त्या प्रेमात मुलगा तुम्ही आणि रांड तुमची आई, म्हणजे त्याची सख्खी बहीण. तिला कधी विचारलंत का तिला मजा येते का?

आणि श्रीमंती म्हणताय तर वाटणी तरी बघा. बाप्याला शिवी द्यायची तर त्याच्या आईला, बहिणीला, बायकोला. बाईला द्यायची तर बाईलाच. पुरुषाची बायको मेली की तो विधुर, संस्कृत आणि सोवळा. दुसरं लग्न केलं की बिजवर. बिजवर ही शिवी म्हणून नळावर कोणी कोणाला दिलेली ऐकली आहे?

तिरफळ

आईला विचारतो. बाकी तुमचा सूर जरा [संपादित]

संपादक मंडळ

व्यक्तिगत रोखाचे दोन प्रतिसाद काढले आहेत आणि एक संपादित केला आहे. विषय चांगला चालला आहे, चालू द्या.

जुनं_बाड

धागाकर्तीनं विचारलं आहे की शिवी शिरली कशी. कोशाबाहेर उत्तर शोधलं तर एकोणिसाव्या शतकाच्या महाराष्ट्रात ते ढीगभर सापडतं. मला जे सगळ्यात थेट वाटतं ते सांगतो.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवेला दिवस गेले, मूल झालं, ते तिनं मारलं. आधी फाशीची शिक्षा, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि शेवटी पाच वर्षांवर. पण वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती बायकांची जात कशी बिघडली याची. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे त्यावर उसळल्या आणि १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. बायको मेली की पुरुष दुसरी आणायला मोकळा, आणि नवरा मेला की बाई अंधारात कोंडायची, हा न्याय कुठला, असं त्या रोखठोक विचारतात. पुस्तकाची भाषा वाचून बघा, नळावरची आहे. म्हणूनच टोचली.

आता शिवीकडे या. आठ-दहा वर्षांची मुलगी विधवा होते. तिचे केस काढायचे, तांबडं आलवण नेसवायचं, एक वेळ जेवायला घालायचं आणि घरातल्याच पुरुषांच्या नजरेखाली मरेपर्यंत ठेवायचं. मग त्यातून जे व्हायचं ते झालं की दोष तिचा. ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते काही हौस म्हणून नाही. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचाच मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. ‘विधवा’ पासून ‘वाईट चालीची’ पर्यंतचं अंतर कोशात दोन ओळींचं आहे. घरात ते एका बंद खोलीचं होतं.

कायदा म्हणाल तर पुनर्विवाहाला मुभा १८५६ सालीच मिळाली होती. विष्णुशास्त्री पंडितांनी त्यासाठी आयुष्य घातलं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं. आठव्या वर्षी विधवा झालेली ती मुलगी. मुरूडच्या लोकांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. म्हणजे कायदा होऊन सदतीस वर्षं लोटली तरी. १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं, ते मला या सगळ्यात फार आवडतं. शास्त्रार्थ करत बसले नाहीत, वस्तराच खाली ठेवला.

पाटावरची_भाकर

जुनं_बाड, माहिती उत्तम, पण हा सगळा सदाशिव पेठेचा इतिहास झाला. केशवपन आणि आलवण सगळ्या महाराष्ट्रात नव्हतं. आमच्याकडे विधवेचा पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न. मोहतूर म्हणा, पाट म्हणा. माझ्या पणजीचा पाट लागला होता आणि माझा आजा त्या पाटाचा. पेशवाईत या पाटावर सरकार करही घ्यायचं, ‘पाटदाम’. तेव्हा बायका पाट लावत होत्या, आणि सरकारला कर लावण्याइतक्या लावत होत्या.

तरीही शिवी आमच्याकडेही आहेच, आणि तुमच्यापेक्षा जास्त सढळ. मग ‘कोंडून ठेवलेली ब्राह्मण विधवा’ हे एकच कारण कसं पुरेल?

माझा अंदाज सांगते, पटलं तर घ्या. पाटाची बायको लग्नाच्या बायकोच्या खालीच बसायची. हळदी-कुंकवाला, देवकार्याला, वरातीत पुढे ती नाही. रात्री अंधारात, वाजंत्रीशिवाय लावायचा पाट. एकदा रांड झाली की पुन्हा संसार केला तरी तो डाग पुसायचा नाही. पणजीला भांडणात जाऊबाई काय म्हणायची ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा पणजीला नवरा होता, कपाळभर कुंकू होतं, चार पोरं होती. शिवी मात्र पहिल्या नवऱ्याची.

जुनं_बाड

मान्य. हे माझ्या प्रतिसादात यायला हवं होतं. ‘पहिल्या नवऱ्याची शिवी’ हे डोक्यात राहील.

बोरू

@पाटावरची_भाकर, जबरदस्त.

यालाच जोडून एक. मनुस्मृतीत (३.१७४) परक्या बाईपासून झालेल्या पोरांची दोन नावं आहेत. तिचा नवरा जिवंत असेल तर पोर ‘कुंड’, मेला असेल तर ‘गोलक’. जिवंत-मेलेला नवरा हाच काटा. त्या बाईचं काय म्हणणं, हा रकानाच नाही. ‘रांडेच्या’ मध्ये तोच हिशेब बोलीत उतरला आहे: बाप नसलेल्या घरातला, म्हणून कोणाचा कोण जाणे.

सटवाई

माझं टोपणनावच बघा. सटवाई म्हणजे सहाव्या रात्री बाळाच्या कपाळावर नशीब लिहिणारी षष्ठी देवी. तिचीच ‘सटवी’ केली आणि सुनांना म्हणायला लागले. ‘ए भवानी’ मध्ये तर तुळजापूरची आईच आहे. जखीण ही यक्षिणी. ‘बटीक’ म्हणजे विकत घेतलेली दासी, पेशवाईत बायकांची खरेदी-विक्री व्हायची त्या काळची. ती बिचारी गुलाम होती, आणि शिवीही तिच्याच नावानं. तिला विकणाऱ्याच्या नावाची एकही शिवी मराठीत नाही.

घाटमाथा

काशीबद्दल हिंदीत म्हण आहे, "रांड, सांड, सीढ़ी, संन्यासी, इनसे बचे तो सेवे काशी". घाटाच्या पायऱ्या, मोकाट वळू, गोसावी आणि विधवा. मरण यायला म्हणून घरच्यांनी काशीत नेऊन सोडलेल्या बायका. त्यात मराठी बायकाही होत्या. जिला टाकून दिलं तिच्यापासूनच सांभाळून राहा म्हणे!

हिरवा_देठ

आत्ताचं पण बोला की कोणीतरी. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. आणि नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्यानं नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठेवला.

भटका_मावळा

५०० रुपये? आमच्या गावात लावला तर वर्षभरात बायपास होईल.

जिरेसाळ

खिक्. पण २०२३ मध्ये मंत्रिमहोदयांनी विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणायचा प्रस्ताव मांडला होता तोही आठवा. इतका आरडाओरडा झाला की नुसता प्रस्ताव आहे, निर्णय नाही असं सांगावं लागलं. पत्रिकेवर ‘गं. भा.’ छापून येतंच होतं की अजून. शब्द पवित्र केला तरी काम तेच. समोर आल्या आल्या कळलं पाहिजे, हिचा नवरा आहे की नाही. सौ. की गं. भा. पुरुषांच्या नावापुढचा ‘श्री’ मात्र बायको जाते तेव्हाही जागचा हलत नाही.

संत्रा_बर्फी

विदर्भात सातबाऱ्यावर आणि जुन्या खरेदीखतांवर ‘बेवा’ लिहितात. फारसी शब्द, विधवा. नवरा असलेली ती ‘जौजे’. माझ्या आजीचं नाव एका कागदावर अमुक जौजे अमुक आणि दहा वर्षांनंतरच्या कागदावर अमुक बेवा अमुक. मधला शब्द तेवढा बदलला, पुढचं नाव तेच. शिवी नाही, पण तलाठ्यानं हाक मारली की सगळी चावडी वळून बघायची.

तिरफळ

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझा मामा लहानपणापासून तसाच. मी सांगून थकले." मला वाटलं होतं ती हसेल.

ओसरी

@तिरफळ, लिहिलंत, बरं वाटलं.

सगळ्यांचे आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. @कृष्णाकाठ, देवीच्या धाग्याची वाट बघते आहे. @पाटावरची_भाकर, तुमच्या पणजीवर लिहाच.

संत्रा_बर्फींचं वाचून आत्याला फोन केला आणि आजीच्या ट्रंकेतले कागद काढायला लावले. खरेदीखत निघालं नाही, रेशनकार्ड निघालं. कुटुंबप्रमुख म्हणून आजीचंच नाव आहे. पुढे सौ. नाही, गं. भा. नाही, काहीच नाही. कारकुनानं काहीतरी लिहिलं असणार, कारण नावाच्या आधी शाईनं गिरगटून टाकल्याचा डाग आहे. आत्या म्हणाली, तो डाग आजीनंच केलेला. दुकानदारानं विचारल्यावर तिनं सांगितलं होतं, शाई सांडली.

आणि त्या नळावरच्या बाईचं राहिलं. पुढे तिचाही नवरा गेला. त्या दिवशी बांगड्या फोडायला बायका जमल्या, तेव्हा आजी दारात उभी राहिली आणि कोणाला आत जाऊ दिलं नाही म्हणे. संध्याकाळी तिच्या घरचा हंडा आजीनं भरून आणला.

आत्याला विचारलं, त्या दोघी नंतर बोलायला लागल्या का? ती म्हणाली, छे, शेवटपर्यंत भांडल्या. पण तो शब्द नाही वापरला कधी.

भटका_मावळा

_/\_